बोलावणं आलं नाही

सुनंदा तुकाराम भुवड या बाईवर अन्याय झाला. कधी झाला तेही नेमकं सांगते, कारण मोघम बोलण्यावर माझा विश्वास नाही. यंदा अक्षय्य तृतीयेच्या आदल्या शनिवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की आहे. पालीहून येणारी एसटी तेव्हाच आमच्या फाट्यावर हॉर्न देते, आणि हॉर्न वाजत असतानाच कंपनीचे गणूकाका मोटरसायकलवरून आमच्या दगडी गडग्याबाहेरून पुढे गेले. थांबले नाहीत. मानही वळवली नाही.

सुनंदा भुवड पडवीत उभी होती. तिच्या हातात कोकमाच्या सरबताचा पेला होता. ती माझी आये.

कंपनी म्हणजे आंब्याच्या रसाचे डबे भरणारी. तिचं नाव मी लिहिणार नाही. घाबरते म्हणून नव्हे, आयेने तशी अट घातली आहे म्हणून. तसं आमच्या वाडीत नाव लागतही नाही, 'कंपनीत गेली' म्हटलं की सगळ्यांना कळतं. एप्रिलच्या अखेरीला बॉयलर पेटतो आणि मिरगाच्या तोंडावर, पाऊस लागायच्या आधी विझतो. कायमची माणसं थोडी, बाकी बाया सीझनच्या. सीझनच्या बाईला कंपनी कागद देत नाही. बोलावणं देते. शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या, काजू वेचून झाले, की गणूकाका वाड्यावाड्यांतून फिरायला लागतात. पूर्वी सायकल होती, आता मोटरसायकल आहे. ज्या घरी बोलावणं असेल त्या घरी पडवीत बसायचं, सरबत प्यायचं, कुणाच्या कलमांना किती मोहर आला आणि किती गळला ते बोलायचं, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं असं, म्हणायचं, ''सोमवारपासून या.'' झालं. हेच नेमणुकीचं पत्र.

आयेला अशी एकोणतीस बोलावणी आली. सीझन केले अठ्ठावीस. एक चुकला तो माझ्यापायी, मी त्या चैत्रात जन्मले म्हणून. पण त्या वर्षीही गणूकाका आले होते. सरबत प्याले होते. पाळण्यात डोकावून म्हणाले होते, ''हिला घेऊन या सोमवारपासून.'' आये हा किस्सा दर वर्षी सांगते. यंदा सांगितला नाही.

आता मे अर्धा सरलाय. दुपारी वारा फिरला की कंपनीचा वास थेट आमच्या पडवीत येतो. आधी शिजल्या रसाचा, गोड आणि जड. मग मागच्या बाजूला टाकलेल्या साली-कोयींचा, आंबूस, नाकात चढणारा. शहरातली माणसं या वासाला घाण म्हणतील. मला तो आला की दप्तर टाकून आयेची वाट बघावीशी वाटते, आणि मी पंचवीस वर्षांची बाई आहे, संघटनेत काम करते, मोर्चात माईक धरते.

लहानपणी मे महिना म्हणजे आयेचे हात. एरवी ते हात राखेचे, मातीचे, तांदळाच्या धुवणाचे असत. मे महिन्यात पिवळे व्हायचे. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांच्या रेघा, सगळं पिवळं, साबणाने न निघणारं. मनगटाच्या आत चीक उडून भाजल्याचे काळे ठिपके. संध्याकाळी ती माझे केस विंचरायला बसायची तेव्हा माझ्या वेणीला हापूसचा वास लागायचा आणि मी तो उशीत घेऊन झोपायचे. आणि त्या महिन्यात ती घरातली प्रत्येक वस्तू ठोकायची. हंडा, नारळ, पत्र्याचा डबा, मडकं. चालता चालता बोटाच्या टोकाने एक टिचकी, आणि मान किंचित डावीकडे कलती. माझ्या डोक्यालाही मारायची. ''भरल्यालं हाय का बघत्ये,'' म्हणायची. परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी तर हमखास.

ही मान डावीकडे कलायची गोष्ट कुठून आली ते सांगायला हवं.

लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बाबा मुंबईला. पहिल्याच उन्हाळ्यात गणूकाका सुनेलाही पाठवा म्हणून गेले आणि सासूने तिला शेजारच्या शेवंताकाकीबरोबर कंपनीत पाठवलं. गेटवर जुने सुपरवायझर होते, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी नाव विचारलं. आयेने बाबांचं नाव सांगितलं. घरात कुणी तिला सूनबाई म्हणायचं, कुणी तुकारामाची बायको, तिला वाटलं बाहेरही तसंच सांगायचं असतं. आबा म्हणाले, ''ते मुंबईला आहेत ना? मग इथे कोण आलंय?'' तेव्हा तिने स्वतःचं नाव सांगितलं. इतक्या हळू की तिला ते पुन्हा सांगावं लागलं. परक्या माणसापुढे आपलं नाव घ्यायची तिची ती पहिली वेळ.

आणि त्याच दिवशी बांगड्या. कंपनीत काचेची बांगडी चालत नाही, काच रसात गेली तर संपलंच. शेवंताकाकीने नळाखाली साबण लावून एकेक बांगडी उतरवली. लग्नाचा हिरवा चुडा, चार महिन्यांचासुद्धा नव्हता. संध्याकाळी मोकळे हात घेऊन ती घरी आली तेव्हा सासू दारातच उभी राहिली आणि मुलगा जिवंत असताना ही अवदसा कसली म्हणून जी सुरू झाली ती थांबेना. आये म्हणाली, ''कंपनीचा नियम हाय.'' सासूला उलटून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. ते तिचं स्वतःचं नव्हतं, कंपनीचं होतं, पण तोंड तिचं होतं. पुढे दर वर्षी शनिवारचं बोलावणं येण्याआधीच, शुक्रवारी, ती साबणाने बांगड्या उतरवून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवायला लागली. सीझन संपला की पुन्हा भरायची.

पहिली वर्षं देठ काढण्यात गेली, मग आंबे धुण्यात, मग साका बघण्यात. साका म्हणजे वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा आत पांढरा, स्पंजासारखा निघतो तो. मग एक दिवस ती क्रेट उचलून डब्यांच्या खोलीतून चालली होती. तिथे आबा डबे ठोकत बसले होते. शिजून, गार होऊन, काही दिवस रचून ठेवलेला प्रत्येक डबा झाकणावर लोखंडी काडीने ठोकायचा असतो. झाकण घट्ट बसलं असेल तर आवाज खणखणीत येतो. हवा शिरली असेल तर आवाज बसका, आणि तो डबा काही दिवसांत फुगतो. आये जाता जाता शेवंताकाकीच्या कानात म्हणाली, ''तो तिसरा कच्चा.'' आबांनी ऐकलं. तिसरा डबा त्यांनी चांगल्यात ठेवला होता. तो पुन्हा ठोकला, पुन्हा ठोकला, आणि वेगळा काढला.

मग त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि ओळीने डबे ठोकत गेले. ती सांगत गेली. पिका, पिका, कच्चा, पिका. हे तिला कुणी शिकवलं म्हणून विचारलं तेव्हा तिला प्रश्नच कळेना. माहेरी तिच्या बापाचे फणस होते. झाडावरच्या फणसाला हाताने ठोकून तयार आहे का नाही ते आमच्याकडे पोरंसोरं सांगतात. डबा काय, फणस काय. आबा म्हणाले, ''उद्यापासून इथे बसायचं.'' आणि त्यांनी आपली काडी तिच्या हातात दिली. टोकाला सुपारीएवढा गोळा असलेली. तिने मुठीशी आपल्या लुगड्याचा हिरवा काठ गुंडाळला, घामाने निसटू नये म्हणून.

त्या दिवसापासून कंपनीत खराब डब्याला कच्चा म्हणतात. खडूने त्यावर 'क' लिहितात. नवीन आलेल्या बायांना वाटतं ही कुणा इंजिनिअरची भाषा आहे.

पत्रकात मी लिहिते, 'कंपनी माणसाला यंत्र करते.' शंभरदा लिहिलंय आणि पुन्हा लिहीन, कारण पुष्कळ ठिकाणी ते खरं आहे. पण आयेच्या बाबतीत काय झालं ते मला या वाक्यात बसवता येत नाही. एका मे महिन्यात, मी शाळेत असताना, तिने कामाची एक अख्खी पाळी थांबवली. ओळीने सगळे डबे तिला संशयाचे वाजायला लागले. कच्चे नाहीत, पण पिकेही नाहीत. तिने काडी वर धरली. काडी वर म्हणजे पट्टा थांबवा, ही आबांची रीत. प्रयोगशाळेतला माणूस आला, म्हणाला सगळं ठीक आहे, चालू करा. तिने काडी खाली घेतली नाही. मोठे साहेब आले. बाहेर ट्रक उभे, उन्हात आंबा तापतोय, माश्या घोंघावतायत, पन्नास बाया टोपीखालून बघतायत. साहेबांनी विचारलं, काय खराब आहे ते सांगा. ती म्हणाली, ''ता मला सांगता येत नाय. पन हाय.'' शेवटी झाकणं दाबणारं मशीन उघडलं तेव्हा आतलं एक चाक झिजलेलं निघालं, नखाएवढं. त्या दिवशी ती घरी आली आणि नेहमीसारखा भात टाकला. तिने काही सांगितलं नाही, शेवंताकाकीने सांगितलं. सांगताना शेवंताकाकी स्वतःच रडत होती आणि आये तिला म्हणत होती, ''गप गो, भात करपतोय.''

मला बारावीनंतर स्थळ आलं. चुलते, मामा, सगळे पडवीत जमले होते, सगळ्यांना पसंत होतं. आये स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हात वर केला. नुसता हात. काडी नव्हती, पण मूठ तशीच वळलेली. मामाने विचारलं, काय खोट आहे स्थळात? ती तेच म्हणाली, सांगता येत नाही पण नको. आणि हात खाली घेतला नाही. मी पुढे रत्नागिरीला कॉलेजात शिकले, संघटनेत गेले, सीझनच्या बायांना लेखी नेमणूक मिळावी म्हणून पत्रकं लिहायला लागले, ते त्या वर केलेल्या हातामुळे. तो हात तिला कंपनीत मिळाला. आणि गेल्या वर्षी मी त्याच कंपनीच्या गेटवर उभी राहून पत्रकं वाटली. पाळी सुटली तेव्हा आये माझ्यासमोरून अनोळख्यासारखी गेली, एक पत्रक घेतलं, घडी घालून जेवणाच्या डब्यात ठेवलं, आणि घरी येऊन म्हणाली, ''अक्षर बारीक हाय. बायांना वाचता येत नाय.''

म्हणून यंदा गणूकाका न थांबता गेले तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच. माझ्यामुळे?

मी कंपनीत गेले. आये येत नव्हती. बोलावणं नसताना गेटवर जायचं म्हणजे भीक मागायला गेल्यासारखं, असं तिचं मत. शिवाय शेवंताकाकीला बोलावणं होतं, तिच्यासमोर जायला आयेला जड वाटत होतं. आता तिथे मयेकर म्हणून सुपरवायझर आहेत, तरुण, बोलायला गोड. त्यांनी मला चहा पाजला. मी विचारलं, सुनंदा भुवडना का काढलं?

''काढलं कुठे?'' ते म्हणाले. ''आम्ही कुणालाच काढत नाही, ताई. सीझनचं माणूस आहे ते. या सीझनला बोलावणं गेलं नाही, एवढंच.''

माणूस नेमला कधी, याचा कागद नाही. म्हणून माणूस काढला कधी, याचाही नाही. इतकं स्वच्छ काम मी कुठे पाहिलं नाही. मी त्यांना विचारलं, माझ्या पत्रकांमुळे का? ते हसले. डबे ठोकायचं नवीन मशीन आलंय म्हणे, त्यामुळे का? त्यावर म्हणाले, या, बघा. काचेपलीकडे पट्ट्यावरून डबे चालले होते, एकेक डबा एका ठोकळ्याखालून जात होता, टक्, टक्, टक्, आणि मधेच लाल दिवा लागत होता. शेवटी उभी असलेली मुलगी दिव्याचा डबा उचलायची, खडूने 'क' लिहायची आणि पलीकडे ओरडायची, कच्चा. मी तिला बाहेर आल्यावर विचारलं, कच्चा का म्हणतेस? ती म्हणाली, ''कंपनीचाच शब्द आहे तो, जुना.''

खिडकीजवळच्या खिळ्याला ती काडी लटकत होती. मुठीचा हिरवा काठ घामाने काळा पडलेला, तरी ओळखू येत होता. मी मागितली. मयेकर म्हणाले, ती कंपनीची वस्तू आहे.

घरी येऊन मी रागाने पत्रक लिहिलं. एका बैठकीत. 'अठ्ठावीस वर्षं पिळून घेतलं आणि कोय फेकावी तसं फेकलं.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. पडवीत आये आमसुलं उलटत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मी तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मान डावीकडे कलती ठेवून.

मग म्हणाली, ''ही बाय कोण? मी वळखत नाय हिला.''

मी म्हटलं, तूच ती.

''मला कुनी पिळलं नाय. आंबा पिळला. मी बसून ऐकत व्हत्ये.'' तिने एक आमसूल उलटलं. ''तू माजं बांधल्यालं जनावर केलंस गो. मी माज्या पायानं गेल्ये दर वर्साला. तिथं मला माजं नाव गवसलं.''

मी भांडले. म्हटलं, नाव गवसलं तर ते कुठल्या कागदावर आहे दाखव. तिथल्या कुठल्या वहीत तू आहेस? ती गप्प झाली, आणि मला लगेच वाईट वाटलं, कारण तिला गप्प करणं हे मयेकरांचं काम होतं, माझं नव्हे. मी विचारलं, माझ्या पत्रकांमुळे झालं असेल तर?

''तुज्यामुळं आसंल तर आसंल. मशीनमुळं आसंल तर तसं. म्हातारी झाली म्हनाले आसते तरी चाललं आसतं.'' ती पुढचं बोलेपर्यंत मला वाटलं ती आता रडेल. रडली नाही. ''गनू थांबला आसता, सरबत प्याला आसता, मंग म्हनाला आसता, यंदा नको. मी पेला धुऊन ठेवला आसता. ता कुनी सांगितलंच नाय. मंग सपलं आसं मी धरू कशी?''

मी ते पत्रक फाडलं. माझी मागणी मी मागे घेतलेली नाही, प्रत्येक सीझनच्या बाईला लेखी नेमणूक हवी म्हणजे हवी. पण त्या कागदावर काय लिहायचं हे मला त्या दिवशी कळलं. किती वर्षं राबली एवढंच नव्हे. तिला काय येत होतं, ते.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी तिने रीतीप्रमाणे बांगड्या उतरवल्या होत्या. त्या अजून देव्हाऱ्याच्या फळीवर आहेत. वाडीतल्या बाया पाण्यावर तिचे मोकळे हात बघून विचारतात, काय गो सुनंदा, भावजी बरे हायत ना मुंबईला? ती म्हणते, बरे आहेत, सीझन आहे ना. सगळ्यांना ठाऊक आहे की ती घरीच आहे. बाबा फोनवर म्हणतात, खूप केलंस, आता बस आरामात, भर बांगड्या. ती हो म्हणते आणि भरत नाही. रोज सकाळी आठला कंपनीचा भोंगा वाजतो. तेव्हा ती जे काही करत असेल, चुलीशी असेल, विहिरीवर असेल, तिथेच थांबते. मान कलती होते. भोंगा संपतो. मग ती पुन्हा हात चालू करते. मी हे रोज बघते आणि मला तो जुना मे महिना हवाहवासा होतो, पिवळ्या बोटांचा, डोक्यावर टिचकी मारणारा. यंदा तिने एकदाही कशाला टिचकी मारलेली नाही. परवा परसातला फणस मीच ठोकून पाहिला. मला काही कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ''शेवंताला विचार.''

आता तुम्ही. वाचून हळहळू नका, मला हळहळ नको आहे. तुमच्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात, घरात असं एक माणूस आहे ज्याला तुम्ही काढलं नाही, नुसतं बोलावणं बंद केलं. तुम्हाला नाव आठवतंय. त्या घरी जा. फोन नको, निरोप नको. पडवीत बसा, दिलेलं प्या, आणि काय ते तोंडावर सांगा.

आणि हे वाचताना ज्यांनी आपली कंपनी ओळखली, त्यांना वेगळं सांगते. फाट्यावर उतरलात की डावीकडे तिसरं घर, गडग्याला लागून रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड आहे. ती घरीच असते. या म्हणायला या किंवा नको म्हणायला या, पण या, मिरगाच्या आत या. येताना खिळ्यावरची तिची काडी घेऊन या.